झटपट गिझर बसवताना : आधी पाण्याचा दाब, मग प्लंबर

प्रतिनिधी

दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगस्नानाची चाहूल लागली की मुंबईकराला गरम पाण्याची आठवण होते. एरवी आठ महिने घामाने निथळणाऱ्या या शहरात गिझर ही तशी चैनीचीच वस्तू. तरीही ऑक्टोबर सरता सरता देवनार, गोवंडी, चेंबूर पट्ट्यातील हार्डवेअरच्या दुकानांबाहेर गिझरची खोकी रचलेली दिसू लागतात. त्यातही मागणी असते ती ‘इन्स्टंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झटपट गिझरला. आकाराने लहान, किमतीने परवडणारा आणि पाणी तापण्याची वाट पाहायला न लावणारा. चार फूट बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात पंचवीस लिटरचे पिंप टांगणार तरी कुठे, हा प्रश्नही त्याने परस्पर सुटतो.

गिझर विकत घेणे सोपे असते. तो बसवणार कोण आणि कसा, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत खोके उघडल्यानंतरच विचारला जातो. दुकानदार ‘ओळखीचा माणूस पाठवतो’ असे सांगतो, इमारतीचा वॉचमन आणखी कुणाचा तरी नंबर देतो आणि संध्याकाळपर्यंत भिंतीला भोके पडून पाणी गरमही होऊ लागते. या घाईत ज्या गोष्टी पाहायच्या राहून जातात, त्यांतल्या काही केवळ गैरसोयीच्या आहेत. काही मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत.

बंबापासून गिझरपर्यंत

टाकीशिवाय पाणी तापवण्याची कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. जुन्या वाड्यांतला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची युक्ती आठवत असेल. वरून तांब्याभर गार पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर पडायचे. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना होती. त्या बंबाला धुराडे होते आणि तो बहुधा मागील दारी, मोकळ्या हवेत पेटवला जात असे, ही गोष्ट पुढे गॅसच्या गिझरचा विचार करताना लक्षात ठेवण्याजोगी आहे. चाळीत बंबाची जागा स्टोव्हवरच्या पातेल्याने घेतली, मग बादलीत बुडवायचा विजेचा रॉड आला आणि त्यानंतर गिझर.

आज बाजारात ‘झटपट’ या नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रे मिळतात. एक विजेचे, साधारण एक ते तीन लिटर पाणी मावणारे आणि तीन किंवा साडेचार किलोवॉट शक्तीचे. काटेकोरपणे पाहिले तर यातही छोटी टाकी असतेच, पण ती मिनिटा-दोन मिनिटांत तापते. दुसरे गॅसवर चालणारे. त्यात टाकी नसतेच. तांब्याच्या वेटोळ्यातून पाणी वाहते आणि खालच्या ज्वाळेने ते वाहता वाहता तापते. नळ उघडला की ज्वाळा पेटते आणि बंद केला की विझते.

या दोहोंच्या ताकदीत किती फरक आहे, ते साध्या हिशेबाने कळते. हिवाळ्यात नळाचे पाणी २२ अंश सेल्सिअस आहे आणि अंघोळीला ४० अंशांचे हवे आहे असे धरू. तीन किलोवॉटचा विजेचा गिझर एवढी वाढ मिनिटाला सुमारे २.४ लिटर पाण्यालाच देऊ शकतो. म्हणजे पंधरा लिटरची बादली भरायला सव्वासहा मिनिटे. बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्या घराला हे पुरेसे आहे. डोक्यावरच्या मोठ्या शॉवरखाली उभे राहू पाहणाऱ्याच्या पदरी मात्र कोमट धारच पडते. मग ‘कंपनीने फसवले’ अशी तक्रार होते. तीत तथ्य नसते, कारण यंत्र आपले काम चोख करीत असते. खर्चाच्या बाजूने पाहता अशा एका बादलीला जेमतेम तृतीयांश युनिट वीज लागते आणि चौघांच्या घराचा दिवसाचा खर्च सव्वा युनिटच्या आसपास राहतो. उलट मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गॅस गिझर जवळजवळ साडेदहा किलोवॉट इतकी उष्णता देतो. घरातल्या कोणत्याही साध्या विद्युत जोडणीच्या आवाक्यातले हे काम नव्हे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी ही सहा ते दोनशे लिटरच्या साठवणीच्या गिझरसाठी असते. साठवलेले पाणी तापते ठेवण्यात किती वीज वाया जाते, त्यावर ती ठरते. तीन लिटरच्या झटपट गिझरचे ‘स्टार’ विचारत बसण्यात त्यामुळे अर्थ नाही. त्याच्यावर आयएसआय चिन्ह आहे का, एवढे पाहावे. एलपीजीवरच्या छोट्या गिझरसाठी भारतीय मानक १५५५८ क्रमांकाचे आहे आणि तो आकडा यंत्राच्या पट्टीवर छापलेला असावा.

टाकी किती उंचावर?

प्लंबरला बोलावण्याआधी गृहस्थाने स्वतः करायची एक तपासणी आहे आणि ती बहुधा कुणीच करीत नाही. ती म्हणजे पाण्याच्या दाबाची. देवनार परिसर महापालिकेच्या एम पूर्व विभागात मोडतो आणि त्याचे पाणी ट्रॉम्बेच्या जलाशयांतून येते. परंतु पालिकेच्या जलवाहिनीतला दाब घरातल्या गिझरच्या कामाचा नाही. पाणी आधी इमारतीच्या तळटाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून आपल्याच वजनाने खाली उतरते. टाकी जितकी उंच तितका दाब जास्त. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार, हे प्रमाण.

याचा परिणाम असा की एकाच इमारतीत एकाच कंपनीचा गिझर एका घरी उत्तम चालतो आणि दुसऱ्या घरी पेटतच नाही. सात मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन बारच्या आसपास दाब सहज मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर, गिझरपासून टाकीचा तळ जेमतेम तीन मीटर उंच असेल, तर दाब ०.३ बारच्या पुढे जात नाही. गॅस गिझरमधली झडप पाण्याच्या दाबाने ढकलली गेली तरच गॅसला वाट मिळते आणि अनेक यंत्रांना त्यासाठी किमान ०.२ ते ०.३ बार लागतो. म्हणजे वरच्या मजल्यावरचे घर अगदी काठावर असते. सकाळी सातला सगळी इमारत नळ सोडून बसली की तेवढाही दाब उरत नाही. ज्वाळा पेटते, विझते, पुन्हा पेटते आणि घरातली मंडळी दर आठवड्याला प्लंबरला बोलावतात.

दाब मोजण्याचे यंत्र घरी नसते, पण बादली आणि घड्याळ असते. सकाळच्या गर्दीच्या वेळी पंधरा लिटरची बादली भरायला तीन मिनिटांहून अधिक लागत असतील, तर धार मिनिटाला पाच लिटरपेक्षा कमी आहे असे समजावे. ही तपासणी खालच्या नळाला करू नये, शॉवरच्या नळीला करावी. खालचा नळ दोन फुटांवर असतो आणि गिझर सहा फुटांवर. मधल्या चार फुटांत ०.१२ बारचा फरक पडतो. खालच्या मजल्यांना तो जाणवत नाही, वरच्या मजल्याला मात्र तेवढ्यानेच सारा खेळ बिघडतो.

नव्या उंच मनोऱ्यांची गोष्ट उलट आहे. तेथे खालच्या मजल्यांवर दाब वाजवीपेक्षा जास्त होतो, म्हणून मधल्या टप्प्यांवर दाब कमी करणाऱ्या झडपा बसवलेल्या असतात. आपल्या मजल्यावर दाब किती ठेवला आहे, हे सोसायटीच्या कार्यालयात किंवा पंप चालवणाऱ्याला ठाऊक असते. तो आकडा गिझरच्या माहितीपत्रकातल्या कमाल दाबाशी ताडून पाहावा. दाब वाढवण्यासाठी छोटा पंप बसवण्याचा सल्लाही दिला जातो. गच्चीच्या टाकीतून उतरणाऱ्या नळावर, सोसायटीच्या संमतीने तो बसवता येतो. पालिकेच्या जलवाहिनीला थेट पंप लावणे मात्र बेकायदा आहे आणि असे पंप जप्त होतात.

पाणी कोणते, यालाही महत्त्व आहे. भातसा, तानसा, वैतरणेकडून येणारे तलावांचे पाणी मुळात मृदू असते. इमारतीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जात असेल, तर त्यातील क्षार गिझरच्या कॉइलवर पुटासारखे जमतात आणि काही महिन्यांत धार बारीक होते. मुंबईत मे २०२४ च्या अखेरीस पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात झाली होती. टँकर मागवण्याची वेळ अशाच दिवसांत येते.

प्लंबर म्हणजे नेमका कोण?

मुंबईत ‘लायसन्स प्लंबर’ हा शब्द सर्रास वापरला जातो. महापालिका देते तो परवाना प्रामुख्याने पालिकेच्या जलजोडणीच्या कामासाठी असतो. नवी जोडणी घेणे, तिचा आकार वाढवणे ही कामे परवानाधारकामार्फतच करावी लागतात. सदनिकेच्या आतला गिझर बसवायला असा परवाना लागत नाही. म्हणूनच या कामाला कुणीही उभा राहू शकतो आणि राहतोही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘नळ कारागीर’ हा एक वर्षाचा रीतसर अभ्यासक्रम आहे. पण बहुसंख्य कारागीर उस्तादाच्या हाताखाली पाने देता देता शिकलेले असतात. त्यांच्यातील कितीतरी जण ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातले निघतात. तेथील पट्टामुंडई हा भाग साऱ्या देशाला प्लंबर पुरवतो आणि त्याच कारणाने तेथे सरकारी प्लंबिंग प्रशिक्षण संस्थाही उभी राहिली आहे. प्रमाणपत्र नसणे म्हणजे काम न येणे असे नव्हे, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

मग पारख कशी करायची? चांगला कारागीर आल्याबरोबर छिन्नी काढत नाही. तो आधी टाकी कुठे आहे ते विचारतो, न्हाणीघरातला स्टॉपकॉक फिरवून पाहतो, भिंतीच्या आतून नळ कुठून गेले आहेत याचा अंदाज घेतो आणि नळ जस्ताचे आहेत की सीपीव्हीसीचे, हे पाहतो. जुन्या वसाहतींतील जस्ताचे नळ आतून गंजलेले असतात. पाना जोरात फिरवला की टाइल्सच्या मागे भलत्याच ठिकाणी सांधा सुटतो आणि ओल खालच्या घराच्या छतावर उमटते. शेजारसंबंध बिघडण्याची सुरुवात पुष्कळदा अशा ओलीपासून होते. सदनिकेतील अंतर्गत गळतीचा खर्च त्या सभासदानेच सोसायचा असतो. त्यामुळे भिंत फोडायची असेल तर सोसायटीला आधी लेखी कळवावे.

गरम पाण्याच्या बाजूला साधा पीव्हीसी नळ घालणे हा दुसरा नेहमीचा प्रकार. तो स्वस्त असतो आणि पहिले काही दिवस उत्तम चालतो. मग उष्णतेने मऊ पडून वाकतो आणि सांध्यातून गळू लागतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी, पीपीआर किंवा धातूचाच नळ हवा. गिझरकडे जाणाऱ्या गार पाण्याच्या नळावर स्वतंत्र अँगल कॉक असावा, म्हणजे उद्या दुरुस्ती निघाली तर घरभराचे पाणी बंद करावे लागत नाही. गिझरसोबत आलेली सुरक्षा झडप ‘हिची काही गरज नाही’ म्हणून पिशवीतच ठेवून देणारा कारागीर भेटल्यास त्याला तेथेच थांबवावे. पाणी तापून फुगले की जास्तीचा दाब तिच्यातूनच बाहेर पडतो. तिच्यातून अधूनमधून थेंब पडतात म्हणून तिचे तोंड बुचाने बंद करणारेही आहेत. त्यांना बंद डब्याखाली शेगडी पेटवण्याचा अर्थ कुणीतरी समजावून सांगायला हवा.

भिंतीचाही विचार करावा. तीन लिटरचा गिझर पाण्यासकट सहा-सात किलोंचा भरतो, तो विटांच्या भिंतीवर सहज राहतो. पण नव्या इमारतींतील हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फिशर धरत नाही, लांब आणि खास खिळे लागतात. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींत वायरींच्या नळ्या आतूनच गेलेल्या असतात. तेथे अंदाजाने ड्रिल चालवणे धोक्याचे असते.

वीज हे प्लंबरचे काम नव्हे

‘वायर पण मीच जोडून देतो’ हे वाक्य ऐकले की गृहस्थाने सावध व्हावे. तीन किलोवॉटचा गिझर १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. साडेचार किलोवॉटचा जवळजवळ २० अँपिअर ओढतो. त्याला साधा प्लग चालत नाही. चार चौरस मिलिमीटरची वायर, मुख्य पेटीपासून स्वतंत्र लाइन आणि वेगळा एमसीबी लागतो. हे काम परवानाधारक वीज ठेकेदाराच्या तारतंत्र्याचे आहे. या भागात वीज कोणाचीही येत असो, अदानीची वा टाटाची, मंजूर भार किती आहे तो आकडा बिलावर छापलेला असतो. तो एकदा नजरेखालून घालावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. कॉइल फुटून पाण्यात वीज उतरली, तर ओल्या अंगाने नळाला हात लावणारा माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये एवढे एकच यंत्र असते. एमसीबी वायरीला जपतो, माणसाला नाही. आरसीसीबीवर ‘टेस्ट’चे बटण असते. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंग जोडलेलेच नसते, नुसताच सॉकेट असतो. तारतंत्र्याकडून हे मोजून घेतल्याशिवाय गिझर चालू करू नये. खटका न्हाणीघराच्या बाहेर असावा.

गॅस गिझर : न्हाणीघराच्या आत नकोच

१९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसची वाहिनी जसजशी उपनगरांत पसरली, तसा गॅस गिझरचा मोह वाढला. पण येथे काही गोष्टी निक्षून सांगणे भाग आहे. सिलिंडरच्या गॅसचा गिझर आणि पाइप गॅसचा गिझर एक नव्हेत. दोन्ही गॅसचे दाब वेगळे आणि ज्वाळेच्या तोटीची छिद्रेही वेगळी. एकाचे दुसऱ्याला जोडल्यास ज्वाळा बिघडते. पाइप गॅसच्या नळाला शाखा काढण्याचा अधिकार गॅस कंपनीने नेमलेल्या माणसालाच आहे, प्लंबरला नाही.

खरा धोका गळतीचा नाही, कारण गळतीला निदान वास असतो. खरा धोका हवेचा आहे. साडेदहा किलोवॉट उष्णता देणारी ज्वाळा दहा मिनिटांत सुमारे ७० घनफूट हवा वापरते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा १९२ घनफूट. म्हणजे एका साध्या अंघोळीत एक तृतीयांशाहून अधिक हवा ज्वाळेतून जाऊन येते. प्राणवायू अपुरा पडू लागला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. हे गॅसमुळे होत आहे हे कळेपर्यंत कडी काढण्याची शक्ती उरत नाही. भारतीय डॉक्टरांनी या प्रकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. वाचलेल्या काहींच्या मेंदूवर त्याचे परिणाम रेंगाळतात.

या घटना दूरच्या नाहीत. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेली पंधरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. गॅस गिझरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड हे त्याचे कारण सांगितले गेले. मार्च २०२३ मध्ये धुळवडीचे रंग धुण्यासाठी गेलेले घाटकोपरमधील एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले. तेव्हाही गॅस गिझरमुळे गुदमरल्याचाच संशय व्यक्त झाला होता.

खिडकी आहे म्हणून निर्धास्त राहणे बरोबर नाही. थंडीत, म्हणजे नेमकी गिझरची गरज असते तेव्हाच, खिडकी लावून घेतली जाते. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणावे तर आत हवा येण्याची वाट नसते. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा डक्टच्या बाजूला खुल्या हवेत बसवावा आणि आत केवळ गरम पाण्याचा नळ न्यावा. ते शक्य नसेल तर जळलेला वायू नळीने थेट बाहेर सोडणारा प्रकारच घ्यावा. तेही जमत नसेल तर विजेचा गिझर बरा. ‘सगळ्यांकडे आतच बसवतो, काही होत नाही’ असे सांगणाऱ्या कारागिराला चहा पाजून परत पाठवावे. गिझर वारंवार विझत असेल तर आधी त्यातील दोन बॅटऱ्या बदलून पाहाव्यात. ज्वाळा निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली तर मात्र तो त्याच क्षणी बंद करून कंपनीच्या माणसाला बोलवावे. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा देशभरचा क्रमांक आहे.

चालू करण्यापूर्वी

काम संपल्यावर कारागिराला लगेच पैसे देऊन मोकळे होऊ नये. आधी पाणी, मग वीज, हा क्रम कटाक्षाने पाळावा. गरम पाण्याच्या नळातून हवा निघून जाऊन सलग धार पडू लागल्यावरच खटका दाबावा. रिकाम्या गिझरची कॉइल पहिल्याच मिनिटात जळते आणि अशा जळण्याला वॉरंटी लागू होत नाही. निळ्या खुणेला गार आणि लाल खुणेला गरम नळ जोडला आहे ना, हे पाहावे. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळून पंधरा मिनिटे थांबावे. नजरेला न दिसणारी ओल कागदावर उमटते.

गिझर कंपनीच्या माणसाकडून बसवून घ्यायचा की बाहेरच्या कारागिराकडून, याचे उत्तर वॉरंटी कार्डावर असते. काही कंपन्या अधिकृत माणसानेच बसवण्याची अट घालतात. दुकानदार हे सांगतोच असे नाही. कंपनीची मजुरी ठरलेली असली तरी नळ, निपल, एल्बो यांचे पैसे वेगळे लागतात. तेव्हा मजुरी आणि सामान यांचा स्वतंत्र आकडा कामाआधीच कागदावर घ्यावा.

बिल हा शेवटचा मुद्दा, आणि तोच बहुतेकांकडून सुटतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेली सेवा सदोष असेल तर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढे जायचे झाल्यास उपनगरवासीयांसाठीचा जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला तेथे शुल्क पडत नाही. मात्र हातात काम करणाऱ्याचे नाव, तारीख आणि रक्कम लिहिलेला कागद हवा. छापील पावती नसेल तर साध्या वहीच्या पानावर सही घेतलेली चिठ्ठीही पुराव्यादाखल उपयोगी पडते. ती वॉरंटी कार्डाला टाचून ठेवावी.